टॅग चिकटवण्याआधी दाखल नोंदवही उघडा

वाचकांचे प्रश्न : ग्रंथालयांतील आरएफआयडी

ग्रंथालयांच्या आधुनिकीकरणाविषयी मागील अंकात प्रश्न मागवले होते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली आणि त्यांतील बहुतेकांचा रोख रेडिओ लहरींवर चालणाऱ्या ओळखपद्धतीकडे, म्हणजे आरएफआयडीकडे होता. या पद्धतीत ग्रंथाला चिप असलेली चिकटपट्टी, म्हणजे टॅग लावतात आणि रिडर नावाचे यंत्र तो टॅग वाचते. प्रश्न संक्षिप्त करून, पत्रलेखकांची नावे वगळून येथे दिले आहेत.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात सुमारे १४ हजार ग्रंथ आहेत आणि रोजची देवघेव साठ-सत्तर ग्रंथांची आहे. नॅकचे (राष्ट्रीय मूल्यांकन आणि प्रत्यायन परिषदेचे) मूल्यांकन जवळ आले आहे. आरएफआयडी बसवल्याशिवाय चांगली श्रेणी मिळणार नाही, असे एक पुरवठादार सांगतो. आम्ही हा खर्च करावा का? (प्राचार्य, चाळीसगाव तालुका)

पुरवठादाराचे हे म्हणणे विक्रीसाठी आहे, त्याला आधार नाही. नॅकच्या स्वयंमूल्यमापन अहवालाचा जो नमुना महाविद्यालयांच्या परिचयाचा आहे, त्यात ग्रंथालयाचे संगणकीकरण झाले आहे का, कोणती ग्रंथालय प्रणाली वापरली जाते, तिची आवृत्ती कोणती आणि संगणकीकरण पूर्ण आहे की अंशतः, हे विचारलेले असते. आरएफआयडीची सक्ती त्यात नाही. आपल्याकडे सोल किंवा कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली व्यवस्थित चालत असेल, प्रत्येक ग्रंथाला बारकोड असेल आणि वाचकाला आपल्या घरच्या मोबाईलवरून तालिका, म्हणजे ग्रंथांची सूची, पाहता येत असेल, तर आपण कमी पडत नाही.

खर्चाचा हिशेबही पाहावा. एका टॅगचा भाव समजा १५ रुपये धरला, तर आपल्या साठ्याला २ लाख १० हजार रुपये लागतील. हा आकडा झेपण्यासारखा वाटतो, पण ती केवळ सुरुवात आहे. प्रवेशद्वारावरचे सुरक्षा गेट, देवघेव टेबलावरचा रिडर, टॅग लिहिण्याचे सॉफ्टवेअर, साठा तपासणीचा हातातला रिडर आणि त्यानंतर दरवर्षीचा देखभाल करार हे सगळे वेगळे असून गेटची किंमत ग्रंथ १४ हजार असोत की १४ लाख, कमी होत नाही. रोज साठ-सत्तर ग्रंथ देण्याघेण्याचे काम बारकोड स्कॅनर आरामात करतो. केंद्र सरकारच्या २०१७च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत २० हजारांपर्यंत ग्रंथ असलेल्या ग्रंथालयाची संपूर्ण साठा तपासणी दरवर्षी व्हावी असे म्हटले आहे. १४ हजार ग्रंथांसाठी तेही काम दिवाळीच्या सुट्टीत साध्या बारकोड स्कॅनरने होते. हाच पैसा एन-लिस्टचे (महाविद्यालयांना ई-ग्रंथ आणि ई-नियतकालिके पुरवणाऱ्या योजनेचे) सभासदत्व, फाटलेल्या संदर्भग्रंथांची बांधणी आणि वाचनकक्षातील पंखे यांवर खर्च झाला, तर जळगाव-चाळीसगावच्या मे महिन्यात विद्यार्थी आपल्याला दुवा देतील.

प्रश्न : आमच्या ग्रंथालयात ८० हजारांहून अधिक ग्रंथ आहेत. परीक्षेच्या काळात देवघेव विभागापुढे रांग लागते. व्यवस्थापनाने आरएफआयडीला तत्त्वतः मान्यता दिली आहे. काम कोठून सुरू करावे? (ग्रंथपाल, जळगाव)

आपल्या ग्रंथालयाच्या आकाराला ही पद्धती खरोखर उपयोगी पडेल, म्हणून या उत्तराला थोडी अधिक जागा देत आहे.

आरएफआयडीचा टॅग म्हणजे तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या वेटोळ्याचा अँटेना आणि त्याला जोडलेली बारीक चिप. त्यात बॅटरी नसते. रिडर चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो, त्यातूनच चिपला काम करण्यापुरती वीज मिळते आणि ती स्वतःजवळचा क्रमांक परत पाठवते. बारकोडला प्रकाशाची सरळ रेषा लागते, म्हणून प्रत्येक ग्रंथ उचलून, वळवून दाखवावा लागतो. टॅगला तसे लागत नाही. पाच-सहा ग्रंथांची चळत टेबलावरच्या रिडरवर ठेवली की सगळे एकदम वाचले जातात. रांग कमी होते ती यामुळे.

परंतु टॅगमध्ये आपण काय लिहितो? दाखल क्रमांक, म्हणजे ग्रंथ संग्रहात आला तेव्हा दाखल नोंदवहीत त्याला मिळालेला क्रमांक. त्या क्रमांकामागचा ग्रंथ कोणता, त्याचा वर्गांक (विषयानुसार दिलेला क्रमांक) काय, तो कपाटात आहे की वाचकाकडे, ही सगळी माहिती आपल्या प्रणालीत असते. तेथे घोळ असेल तर आरएफआयडी तो घोळ अधिक वेगाने सर्वत्र पोहोचवते. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की निविदा काढण्यापूर्वी किमान सहा महिने दाखल नोंदवही, संगणकातील नोंदी आणि कपाटातील ग्रंथ यांचा तिहेरी मेळ घालण्यात जावेत. हे काम कंटाळवाणे आहे, त्याचे उद्घाटन होत नाही आणि वृत्तपत्रात छायाचित्रही येत नाही. कदाचित म्हणूनच ते टाळले जाते.

या कामात काय निघते, ते अनुभवी ग्रंथपालांना सांगावे लागत नाही. एकाच दाखल क्रमांकाचे दोन ग्रंथ निघतात. मुखपृष्ठावरचा बारकोड एका प्रतीचा आणि गुप्त पानावरचा (ग्रंथालयाने आपल्या खुणेसाठी ठरवलेल्या आतल्या पानावरचा) शिक्का दुसऱ्या प्रतीचा असतो. पंधरा वर्षांपूर्वी शिकून गेलेल्या विद्यार्थ्याच्या नावावर असलेला ग्रंथ कपाटात धूळ खात उभा असतो. निर्लेखन होऊन गेलेले, म्हणजे संग्रहातून रीतसर काढून टाकलेले ग्रंथ संगणकात अजून ‘उपलब्ध’ दिसतात. हे सगळे निस्तरल्यावरच, आणि निर्लेखनाचा ठराव ग्रंथालय समितीकडून मंजूर करून घेतल्यावरच, किती टॅग लागतील हे कळते. वाळवी लागलेल्या, कालबाह्य झालेल्या क्रमिक पुस्तकांना टॅग चिकटवणे म्हणजे टाकाऊ मालावर खर्च करणे होय.

प्रत्यक्ष टॅग लावताना एक छोटे पथक करावे. पहिल्याने मांडणीतून क्रमानेच ग्रंथ ट्रॉलीवर आणावेत, म्हणजे परत ठेवताना वर्गांकाचा क्रम बिघडत नाही. दुसऱ्याने मागचा पुठ्ठा उघडून आतली बाजू कोरड्या फडक्याने पुसावी. आपल्याकडची धूळ पाहता हे टाळून चालणार नाही, धुळीवर चिकटवलेला टॅग काही महिन्यांत सुटतो. मग शीर्षकपानामागचा आणि गुप्त पानावरचा दाखल क्रमांक पडद्यावरच्या नोंदीशी ताडून पाहावा. तिसऱ्याने टॅग पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, बांधणीच्या कडेजवळ चिकटवावा, मात्र प्रत्येक ग्रंथात तो एकाच उंचीवर नसावा. एकात खाली, दुसऱ्यात मध्ये, तिसऱ्यात वर असे चालू ठेवावे, कारण बारीक पुस्तके शेजारी उभी असली की बरोबर एकमेकांवर आलेले टॅग परस्परांचे वाचन बिघडवतात. चौथ्याने क्रमांक लिहून, लगेच वाचून पाहून, ग्रंथ जागेवर ठेवावा. आरंभी एकाच मांडणीतले शंभर ग्रंथ घेऊन किती वेळ लागला ते मोजावे आणि त्यावरून पूर्ण कामाचे वेळापत्रक करावे. पुरवठादाराची माणसे ठेक्यावर हे काम करून देतात, पण ताडून पाहण्याची पायरी आपल्याच कर्मचाऱ्याकडे असावी. दिवसाला किती टॅग लावले यावर पैसे मिळणारा माणूस गुप्त पान उघडून पाहील, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

जुना बारकोड काढून टाकू नये. रिडर दुरुस्तीला गेला किंवा टॅग निकामी झाला, तर देवघेव त्याच बारकोडवर चालू राहते.

साठा तपासणीबाबत मोठ्या अपेक्षा असतात आणि त्या बऱ्याच अंशी पूर्णही होतात. मात्र हातातला रिडर ग्रंथांच्या पाठींपासून वीतभर अंतरावरून, संथपणे फिरवावा लागतो. लोखंडी मांडणीच्या पत्र्याला चिकटून असलेला पहिला आणि शेवटचा ग्रंथ, तसेच दोन पुठ्ठ्यांमध्ये चेपलेल्या पुस्तिका पुष्कळदा वाचल्या जात नाहीत. म्हणून तपासणीनंतर जी यादी निघते, ती ‘न वाचलेल्या’ ग्रंथांची असते, हरवलेल्यांची नव्हे. ती हातात घेऊन पुन्हा कपाटाकडे जावेच लागते. वर उल्लेखिलेल्या वित्तीय नियमांतील २१५व्या नियमानुसार ५० हजारांहून अधिक ग्रंथ असतील तर तीन वर्षांपेक्षा अधिक खंड न पडता नमुना तपासणी करायची असते, आणि वर्षभरात वाचकांना दिलेल्या किंवा त्यांनी हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाचपर्यंतचे नुकसान, निष्काळजीपणा नसेल तर, स्वाभाविक मानले जाते. हे नियम आपल्या संस्थेला थेट लागू नसले तरी ग्रंथालय समितीपुढे मांडण्यासाठी मोजपट्टी म्हणून उपयोगी आहेत. आरएफआयडी असेल तर नमुन्याऐवजी संपूर्ण साठाच तपासता येतो, हा या पद्धतीचा मला सर्वांत मोठा लाभ वाटतो. रांगेचा प्रश्न वर्षातून दोनदा येतो, कपाटात भलत्याच ठिकाणी गेलेला ग्रंथ रोज कोणाला तरी नडतो.

प्रश्न : एका कंपनीने यूएचएफ (अतिउच्च वारंवारितेचे) टॅग सुचवले आहेत. ते स्वस्त आहेत आणि चार-पाच मीटरवरून वाचले जातात, असे ते सांगतात. मग सगळीकडे एचएफच (उच्च वारंवारितेचे) का वापरतात? (सहायक ग्रंथपाल, नंदुरबार)

कंपनी खोटे सांगत नाही, फक्त अर्धे सांगते. ग्रंथालयांत रुळलेली एचएफ पद्धती १३.५६ मेगाहर्ट्झवर चालते आणि तिचे टॅग आयएसओ १५६९३ या आंतरराष्ट्रीय मानकाचे असतात. यूएचएफ आपल्या देशात ८६५ मेगाहर्ट्झच्या पुढील छोट्या पट्ट्यात चालते. गोदामात पेट्या मोजायच्या असतील तर दूरवरून वाचणे हा गुण आहे. देवघेव टेबलावर मात्र तो दोष ठरू शकतो, कारण शेजारी उभ्या असलेल्या वाचकाच्या हातातला किंवा ट्रॉलीवरचा ग्रंथही समोरच्याच्या नावावर चढू शकतो. शिवाय यूएचएफ लहरी पाण्यात शोषल्या जातात, आणि माणसाचे शरीर म्हणजे मुख्यतः पाणीच, त्यामुळे छातीशी धरलेला ग्रंथ गेटमधून निसटण्याची शक्यता वाढते. एचएफ गेटच्या दोन खांबांमधले अंतर साधारण ९० सेंटिमीटर ठेवावे लागते, हा मोठ्या दरवाजांना अडचणीचा भाग आहे.

यूएचएफ अगदीच टाकाऊ आहे असे नाही. साठा तपासणी त्यात लवकर होते आणि काही विद्यापीठांनी ती निवडलेली आहे. परंतु आपल्यासारख्या, एकच देवघेव टेबल आणि दाटीवाटीच्या लोखंडी मांडण्या असलेल्या ग्रंथालयाने एचएफ घ्यावी. काहीही निवडले तरी कंपनीला आपल्याच ग्रंथालयात, आपल्याच मांडणीवर चाचणी करून दाखवायला सांगावे, त्यांच्या कार्यालयातील लाकडी टेबलावर नव्हे.

प्रश्न : खरेदी समितीत मी ग्रंथालयाबाहेरचा सदस्य आहे. तुलनात्मक तक्त्यात सर्वांत कमी दर पाहून सही करावी, की आणखी काही पाहावे? (प्राध्यापक, शिरपूर)

दर उघडण्याआधी तांत्रिक अटी पाहाव्यात, नंतर त्यात बदल करता येत नाही. टॅगमध्ये माहिती कशी लिहायची याचे आयएसओ २८५६० हे आंतरराष्ट्रीय मानक २०११मध्ये आले. त्यानुसारच लेखन होईल, अशी अट नसेल तर उद्या दुसऱ्या कंपनीचा रिडर आपले टॅग वाचेलच याची खात्री नाही आणि आपण कायमचे एकाच दुकानाचे गिऱ्हाईक होऊन बसतो. दुसरी अट ग्रंथालय प्रणालीशी जोडणीची. कोहामध्ये एसआयपी-२ ही संवादपद्धती (प्रणाली आणि यंत्रे यांच्यातील माहितीच्या देवाणघेवाणीची ठरलेली रीत) अंगभूत आहे, तर इन्फ्लिबनेट या केंद्राच्या सोलमध्ये एनसीआयपी या दुसऱ्या संवादपद्धतीचा आधार आहे. आपली प्रणाली आणि पुरवठादाराचे सॉफ्टवेअर एकाच संवादपद्धतीत बोलतात का, हे लेखी घ्यावे. तिसरी अट पासवर्डची : दाखल क्रमांकाचा भाग पडताळणीनंतर कुलूपबंद करावा, सुरक्षा खूण (ग्रंथ रीतसर दिलेला आहे की नाही हे गेटला सांगणारी टॅगमधली नोंद) पासवर्डने राखावी आणि तो पासवर्ड ग्रंथालयाच्या ताब्यात असावा. सुरक्षा खूण उघडी राहिली तर मोबाईलवरूनही ती बदलता येते.

देखभाल कराराचा पाच वर्षांचा दर निविदेतच मागवावा. तंत्रज्ञ कोठून येणार, तेही विचारावे. गेट बंद पडल्यावर मुंबईहून माणूस येईपर्यंत जर पंधरवडा जाणार असेल, तर सर्वांत कमी दर सर्वांत महाग पडतो. गेट आणि रिडर यांना स्वतंत्र यूपीएस हवा, आपल्याकडच्या विजेच्या दाबाचे चढउतार पाहता ही चैन नाही. उन्हाळ्यात ४५ अंशांवर जाणाऱ्या तापमानात चिपला काही होत नाही, पण हलक्या प्रतीचा गोंद पाझरून पाने चिकटतात, त्यामुळे गोंद आम्लमुक्त आणि उष्णतेत टिकणारा असावा, हेही लिहावे.

प्रश्न : मी वसतिगृहात राहते. सेल्फ चेकआउटचे, म्हणजे पुस्तक स्वतःच आपल्या नावावर घेण्याचे यंत्र आले तर मी कोणती पुस्तके वाचते हे कोणालाही कळेल का? आणि यंत्रावर मराठी पुस्तकांची नावे नीट दिसतील का? (विद्यार्थिनी, मूळ गाव अक्कलकुवा तालुका)

दोन्ही प्रश्न चांगले आहेत. हल्लीच्या अनेक मोबाईलमध्ये असे टॅग वाचण्याची सोय असते, म्हणून टॅगमध्ये दाखल क्रमांक आणि ग्रंथालयाची ओळख याखेरीज काहीही लिहू नये. वाचकाचे नाव तर कधीच नाही. असे केले तर तुमच्या पिशवीतल्या पुस्तकाचा टॅग कोणी वाचला तरी त्याला एक आकडा मिळेल. तुम्ही काय नेले याची नोंद ग्रंथालयाच्या संगणकात असते आणि ती आजही असतेच. ती किती काळ ठेवायची आणि कोणाला पाहू द्यायची, हा नियमावलीचा विषय आहे. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये संमत झाल्यावर तरी ग्रंथालयांनी याबाबत लेखी धोरण करायला हवे.

यंत्रावरची नावे तालिकेतून येतात. ती युनिकोडमध्ये भरलेली असतील तर नीट दिसतील. जुन्या फाँटमध्ये भरलेली असतील तर पडद्यावर निरर्थक अक्षरे उमटतील. तुमच्या ग्रंथालयाच्या तालिकेत आजच एखाद्या मराठी पुस्तकाचे नाव शोधून पाहा, उत्तर लगेच मिळेल.

तुमच्यासारख्या, सुट्टीला जाताना एसटी गाठायची घाई असणाऱ्यांना परताव्याची पेटी अधिक उपयोगी आहे. ग्रंथ त्यात टाकला की खात्यातून उतरतो आणि पावती मिळते, ग्रंथालय बंद असले तरी. पावती मात्र घ्यावी आणि जपून ठेवावी.

प्रश्न : मी ग्रंथालय परिचर आहे. आमच्याकडे हे यंत्र आले तर आमची गरज राहणार नाही, असे लोक बोलतात. गेट बसल्यावर चोरी पूर्ण थांबते का? (धुळे)

चोरी पूर्ण थांबत नाही. टॅग फाडता येतो आणि अॅल्युमिनियमच्या पातळ कागदात गुंडाळलेल्या ग्रंथाचा टॅग गेटला दिसत नाही. गेट एवढेच पाहते की टॅगमधली सुरक्षा खूण ‘दिलेला’ अशी बदललेली आहे की नाही. नसेल तर ते वाजते. वाजल्यावर वाचकाला अदबीने थांबवून, पिशवी पाहून, चूक यंत्राची की माणसाची हे ठरवायला कोणीतरी तेथे हवेच. गेट वाजते आणि कोणी मानही वर करत नाही, असे काही दिवस चालले की विद्यार्थ्यांना त्याचा अर्थ कळतो.

आपल्या गरजेविषयी बोलायचे तर, परत आलेला ग्रंथ यंत्र कपाटात नेऊन ठेवत नाही. भलत्याच फडताळात गेलेला ग्रंथ रिडर दाखवतो, पण उचलून योग्य जागी ठेवायला परिचरच लागतो. उलट तपासणीची यादी नियमित निघू लागली की हे काम वाढते. आरएफआयडीचा प्रस्ताव मनुष्यबळ कमी करण्याच्या नावाखाली मांडणाऱ्या संस्थांशी मी सहमत नाही. ग्रंथालयांतील पदे आधीच रिक्त आहेत आणि रिक्त पदाच्या जागी गेट उभे केले, तर ते गेटही निकामी होते. टॅग लावण्याच्या पथकात आपले नाव घालावे आणि हातातल्या रिडरचे प्रशिक्षण मिळावे, अशी लेखी विनंती आपण ग्रंथपालांकडे आताच करावी.

प्रश्न : आमच्या संस्थेकडे काही जुन्या पोथ्या आणि एकोणिसाव्या शतकातील छापील ग्रंथ आहेत. त्यांनाही टॅग लावावेत का? (संस्था सचिव, अमळनेर)

मूळ पोथीला किंवा दुर्मिळ ग्रंथाला काहीही चिकटवू नये. गोंद कितीही चांगला असला तरी जीर्ण कागदावरून तो नंतर सुखरूप निघत नाही. पोथी आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवून टॅग पेटीच्या बाहेरच्या बाजूला लावता येतो. सुट्या पानांच्या बाबतीत पानांची संख्या नोंदवून ठेवावी, कारण टॅग पेटी मोजतो, आतली पाने नाही. छापील दुर्मिळ ग्रंथात टॅग लावलेली जाड आम्लमुक्त कागदाची पट्टी ठेवण्याची पद्धत आहे, पण पट्टी सहज काढता येते, त्यामुळे ती ओळखीपुरती समजावी, सुरक्षेसाठी नव्हे. असे ग्रंथ बंद कपाटात आणि डोळ्यांसमोरच वाचायला द्यावेत. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर या संस्थांनी हस्तलिखिते दीर्घकाळ जतन केली आहेत. टॅगचा विचार करण्याआधी आपल्या दोघा-तिघा कार्यकर्त्यांनी तेथे जाऊन पोथ्या कशा बांधतात, कशात ठेवतात आणि सूचीत कशा नोंदवतात, ते पाहून यावे. आपल्या संग्रहाची वर्णनात्मक सूची तयार नसेल, तर या वर्षीचे अंदाजपत्रक तिच्यासाठी आणि पेट्यांसाठी राखून ठेवावे.